लुडबुड करणारे मदतनीस

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला पसरलेलं बेहाला मराठी वाचकाला माहीत असतं ते सौरव गांगुलीच्या घरामुळे. ३० डिसेंबर २०२२ रोजी इथल्या डायमंड हार्बर रोडवरून जोका ते तारातला अशी मेट्रो सुरू झाली. बेहाला चौरस्ता, सखेर बाजार, ठाकूरपुकूर ही स्थानकं मागे टाकत गाडी दक्षिण टोकाला, जोक्याला पोहोचते. तिथे ब्रतचारीग्राम आहे. लोककलेच्या अभ्यासकांना ते गुरुसदय संग्रहालयातल्या कांथा आणि पटचित्रांसाठी ठाऊक असतं. मुलांना हाताने काम करायला कसं शिकवावं, या प्रश्नाशी या जागेचं जुनं नातं आहे, हे मात्र आता फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) हे आयसीएस अधिकारी. बीरभूममध्ये जिल्हाधिकारी असताना १९३२ साली त्यांनी ब्रतचारी चळवळ उभी केली. ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य आणि आनंद ही तिची पाच व्रतं. यातलं दुसरं व्रत तेव्हाच्या बंगाली मध्यमवर्गाच्या पचनी पडणारं नव्हतं. शिकलेल्या बाबूने कुदळीला हात लावायचा नाही, अशी रीत होती. दत्तांनी तर कुदळ चालवण्यावर गाणंच रचलं. तळ्यांत माजलेली जलपर्णी उपसण्यासारखी कामं मुलांनी गटाने, गात करायची. बीरभूमचं रायबेंशे हे रांगडं लढवय्या नृत्यही त्यांनी चळवळीत आणलं. लहानांसाठी बारा सोप्या प्रतिज्ञा बांधल्या. खेळणं, हसणं, हाताने वस्तू घडवणं, अंगमेहनत करणं आणि आनंदाने नाचणं हे सगळं त्या एकाच यादीत आहे. श्रमाला आनंदापासून तोडायचं नाही, हा या प्रशासकाचा अंदाज. पुढे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतून जे निघालं, ते पाहता तो बराचसा बरोबर होता.

आजच्या बेहाल्यात जुनी घरं पाडून फ्लॅट उभे राहिले आहेत. सकाळी कामाला येणाऱ्या ‘माशी’ (बंगालीत मावशी) भांडी, झाडलोट, लादी उरकून जातात. मुलांच्या वाट्याला उरते ती शाळा आणि संध्याकाळची शिकवणी. पुण्या-ठाण्याचं चित्र काही वेगळं नाही. तिथे माशीच्या जागी मावशी असतात, एवढंच. मग दहा वर्षांचा मुलगा उष्टं ताट जागेवर सोडून उठला, की ‘याला कामाचं वळणच नाही’ म्हणून तक्रार सुरू होते. मुलाला कामाची आवड लावायची कशी, असं पालक विचारतात. संशोधकांची निरीक्षणं वाचली की वाटतं, प्रश्न निराळाच आहे: होती ती आवड गेली कुठे?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या हॅरिएट राइनगोल्ड यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत अजून वाचनीय आहे. त्यांनी प्रयोगशाळेतली खोली घरासारखी मांडली आणि तिथे मुद्दाम कामं पसरून ठेवली: घड्या घालायचे कपडे, झाडायचा कचरा, मांडायचं टेबल. आईने किंवा वडिलांनी ती कामं करायला घ्यायची आणि संशोधकांनी मुलाकडे पाहायचं. मुलं होती दीड, दोन आणि अडीच वर्षांची. बहुतेक कामांत ती आपण होऊन आणि लगेच सामील झाली. नुसती नक्कल करून ती थांबली नाहीत. काम कशासाठी चाललंय हे त्यांना कळत होतं, आणि मोठ्यांनी न केलेली पण कामाला उपयोगी पडेल अशी भर ती स्वतःहून घालत होती. याच अभ्यासात एक गमतीची, खरं तर चटका लावणारी गोष्ट पुढे आली. काही पालक घरी ही कामं मूल झोपल्यावर उरकून घेत. मुलाची मदत त्यांना लुडबुड वाटत होती.

हे राइनगोल्डबाईंच्या खोलीपुरतं होतं का? २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दीड वर्षाच्या २४ मुलांवरचे प्रयोग मांडले. संशोधक दोरीवर कपडे वाळत घालतो, चिमटा हातून निसटतो, तो हात लांबवतो पण चिमट्यापर्यंत पोहोचत नाही. किंवा दोन्ही हातांत गठ्ठा घेऊन तो बंद कपाटावर धडकतो. ‘मदत कर’ असं कुणी म्हणत नाही, बक्षीस नाही, शाबासकी नाही. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. आणि संशोधकाने चिमटा मुद्दाम फेकला, तेव्हा मुलं सहसा जागची हलली नाहीत. म्हणजे पडलेली वस्तू उचलण्याचा हा खेळ नव्हता. समोरच्याचं काम अडलंय, हे त्यांना उमगत होतं. कॅनडा, पेरू आणि भारतातल्या खेड्यांतल्या मुलांची तुलना करणाऱ्या २०११ सालच्या अभ्यासातही या वयातली मदतीची वृत्ती तिन्हीकडे आढळली.

रॉबर्ट हेपाख आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली याच्या पुढची पायरी गाठली. त्यांनी दोन वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजला. मनावर ताण आला की बाहुली विस्फारते. अडलेल्या माणसाला मदत मिळत नव्हती, तोवर मुलांच्या बाहुल्या विस्फारलेल्या राहिल्या. मदत मिळाल्यावर त्या आकुंचन पावल्या, आणि मदत मुलाने स्वतः केली की दुसऱ्या कुणी, याने फरक पडला नाही. कौतुक पदरात पाडून घेण्यापेक्षा काम मार्गी लागणं त्या वयाला महत्त्वाचं वाटत असावं.

मग दहाव्या वर्षापर्यंत हे सगळं आटतं कसं? बार्बरा रोगॉफ, लुसिया अल्काला, अँड्र्यू कॉपेन्स या संशोधकांनी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. मूलनिवासी परंपरेशी नातं टिकवून असलेल्या घरांतली मुलं न सांगता कामाला लागत: धाकट्याला सांभाळणं, स्वयंपाकात हात लावणं, घर आवरणं. पिढ्यान्‌पिढ्या शाळा शिकलेल्या, सुखवस्तू घरांतली मुलं सांगितल्याखेरीज उठत नव्हती, आणि उठली तरी बहुधा स्वतःच्या पसाऱ्यापुरती. पहिल्या घरांत छोट्याची अर्धीमुर्धी मदत चालवून घेतली जात होती. दुसऱ्या घरांत त्याला ‘तू खेळ जा’ म्हणून वाटेला लावत. वर्षानुवर्षं असं बाजूला सारलं की घरकाम हे मोठ्यांचं खातं आहे, असा धडा मूल शिकतं. तो धडा आपणच दिलेला असतो, आणि मूल तो चोख पाठ करतं!

गंमत म्हणजे त्याच मुलाला आपण प्लास्टिकची चूल आणि लुटुपुटीची भाजी आणून देतो. बंगालीतली रान्नाबाटी काय किंवा आपली भातुकली काय, तिचं मोल आहेच. पण व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ च्या सुमारास तीन ते सहा वर्षांच्या शंभर अमेरिकन मुलांना विचारलं, की लुटुपुटीचं काम आवडेल की खरंखुरं? मुलांचा कौल खऱ्या कामाकडे होता, आणि चौथ्या वर्षापासून तो अधिकच ठाम झाला. हिवाळ्यात कोलकात्याच्या घरांत कोराइशुटीर कोचुरीसाठी, म्हणजे मटारच्या कचोरीसाठी, मटार सोलायला बसतात. तीन वर्षांच्या बोटांना यापेक्षा चांगला व्यायाम शोधून सापडणार नाही. चार दाणे तोंडात जातील, चार पलंगाखाली. ते धरून चालायचं.

शिकवण्याच्या पद्धतीत मेंदूचा हिशेब ठेवावा लागतो. ‘खोली आवर’ हे वाक्य मोठ्यांना एक काम वाटतं. पाच वर्षांच्या मुलाला त्यात काय कुठे ठेवायचं, आधी काय, नंतर काय, असं बरंच एकदम लक्षात धरावं लागतं. आणि मध्येच सापडलेल्या खेळण्याचा मोह आवरावा लागतो तो वेगळाच. कार्यकारी स्मृती आणि मनाला लगाम घालण्याची क्षमता ज्या भागावर अवलंबून असते, तो मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून ‘पुस्तकं फळीवर लाव’ चालतं, ‘आवर’ चालत नाही. याची उलट बाजूही तपासली गेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठाच्या २०२२ सालच्या अभ्यासात २०७ पालकांनी ५ ते १३ वर्षांच्या मुलांची माहिती दिली. स्वतःसाठी खाणं बनवण्यासारखी किंवा घरच्यांसाठीची कामं करणाऱ्या मुलांत या क्षमता सरस आढळल्या. पाळीव प्राण्यांची देखभाल करण्याचा मात्र तसा संबंध दिसला नाही.

कामाचे पैसे द्यावेत का? वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर हेही करून पाहिलं. मदतीच्या बदल्यात ज्यांना खेळायला वस्तू मिळाली, त्यांची मदत बक्षीस थांबताच घटली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती पूर्वीइतकीच धावत राहिली. ताट उचलल्याबद्दल दहा रुपये ठरवणाऱ्या घरांनी हे वाचायला हवं.

इथे एक सावधगिरी. ‘घरकाम करणारी मुलं आयुष्यात यशस्वी होतात, हार्वर्डचं संशोधन’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. त्याचा उगम बहुधा जॉर्ज आणि कॅरोलिन व्हॅलंट यांच्या १९८१ सालच्या अभ्यासात असावा. तो बोस्टनच्या कष्टकरी वस्तीतल्या ४५६ पुरुषांचा होता. त्यात घरकाम हे अर्धवेळ नोकरी, शाळेतला सहभाग अशा अनेक गोष्टींबरोबर मोजलं होतं. ला ट्रोबच्या अभ्यासातही माहिती पालकांनीच दिलेली. संबंध आहे, कारण तेच, असं ठामपणे म्हणता येत नाही.

आणि मदतीला मर्यादा असते. ५ ते १४ वर्षांच्या मुलाने आठवड्याला २१ तास किंवा अधिक घरकाम केलं, तर युनिसेफ त्याची गणना बालमजुरीत करते. फ्लॅटमधलं मूल दिवसाला वीस मिनिटं राबलं तर बिघडत नाही. पण त्याच फ्लॅटमध्ये आई कामाला आल्यामुळे जिला आपल्या घरी चूल आणि धाकटी भावंडं सांभाळावी लागतात, त्या मुलीला हा लेख लागू नाही.

मुलगी, असं इथे सहज लिहिलं जातं, तेही खरंच. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला बंगाली घरात तांदळाच्या पिठाची आल्पना काढायला लेकीला बसवतात, मुलगा फटाके आणतो. केनियातल्या लुओ समाजात संशोधक कॅरल एम्बर यांनी कामांच्या अशा वाटणीचा परिणाम पाहिला होता. ज्या घरांत मोठी मुलगी नसे, तिथे मुलग्यांना पाणी, सरपण, स्वयंपाक ही ‘मुलींची’ कामं करावी लागत. घरातली अशी कामं करणारे मुलगे इतर मुलग्यांपेक्षा कमी आक्रमक आणि अधिक समंजस असल्याचं त्यांनी १९७३ साली नोंदवलं.

आपल्याकडे बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. त्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, सहा वर्षांपुढच्या ज्या व्यक्ती घरकाम करतात त्यांपैकी स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं ते करत असल्याचं आढळलं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत २०२ मिनिटांचं अंतर २०१ वर आलं.