स्वाध्याय : वहीतला आणि फोनवरचा

बालभारतीच्या पुस्तकात धडा संपला की खाली ‘स्वाध्याय’ हा मथळा येतो. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या पुस्तकांवर वाढलेल्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही : वही काढा आणि उत्तरे लिहा. नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनामुळे वर्ग बंद असताना, या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. राज्याच्या शिक्षण विभागाने ‘स्वाध्याय’ याच नावाचा उपक्रम व्हॉट्सॲपवर सुरू केला. दर आठवड्याला प्रश्न येत, मुलाने पर्याय निवडायचा, आणि किती उत्तरे बरोबर आली ते फोनवरच कळे.

वर्ग पुन्हा भरले, तरी फोनवरचा गृहपाठ मागे राहिलाच. मग कोणता अभ्यास वहीत द्यावा आणि कोणता फोनवर? माझ्या मते माध्यम आधी ठरवू नये. या अभ्यासातून शिक्षकाला काय पाहायचे आहे, ते आधी ठरवावे.

एक गणित घेऊ. ४०३ वजा १७८; उत्तर २२५. एका मुलाने ३७५ लिहिले, दुसऱ्याने २३५. फोनच्या लेखी दोघेही चूक. वही उघडली की मात्र दोन वेगळ्या अडचणी दिसतात. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला : आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक. त्याला हातचा घेणेच समजलेले नाही. दुसऱ्याने एक शतक सुटे करून दहा दशक केले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर दहाचे नऊ करायचे तो विसरला. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा बसवायला हवे. दुसऱ्याला शून्य असलेली चार गणिते पुरतील. हा फरक पायऱ्यांत दिसतो, आणि पायऱ्या वहीत उरतात.

पाढे, शब्दार्थ, इंग्रजी स्पेलिंग यांत अशा पायऱ्या नसतात. तिथे चूक लगेच कळणे महत्त्वाचे. चाळीस वह्या तपासून परत येईपर्यंत चुकीचा पाढाच पाठ झालेला असतो. हे काम फोनने करावे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड छापण्याचा प्रयोग केला आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत तो आला. कोड वाचला की कविता ऐकता येते; कागदाला ते जमणारे नाही.

वाचनाचे काय? २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा, म्हणजे १,७०,००० हून अधिक वाचकांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. तोच मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो, असे त्यात दिसले. हा फरक माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना जाणवतो. निव्वळ गोष्ट वाचताना जाणवत नाही. तेव्हा विज्ञानाचा उतारा कागदावर द्यावा, गोष्ट फोनवर चालेल.

एवढे ठरवूनही एक प्रश्न उरतो : फोन कोणाचा? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती असणे या दोन गोष्टी आहेत. पनवेल तालुक्यातल्या आमच्या बेलपाड्यात, खारघरच्या इमारतींच्या शेजारी, एका घरात दोन भावंडांत एकच फोन आहे. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला परत येतो. आठच्या आत पाठवायचा गृहपाठ त्या घरात रोज ‘अपूर्ण’ ठरतो. मुलाला येते की नाही, हे त्यातून कळतच नाही. वडिलांची पाळी कधी सुटते तेवढे कळते.

कागदानेही सारे आपोआप साधत नाही. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून राज्याने पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पाने जोडली. मुले तरीही वेगळ्या वह्या नेत राहिली. त्या पानांवर नेमके काय लिहायचे हे वर्गात रुळलेच नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हा निर्णय मागे घेतला. कोरे पान दिले म्हणजे लिहिण्याचे कारण मिळते असे नाही.

म्हणून गृहपाठ देण्यापूर्वी शिक्षकाने तीन गोष्टी विचाराव्यात. मला उत्तर पाहायचे आहे की रीत? चूक आजच कळायला हवी का? आणि वर्गातल्या सर्वांत अडचणीच्या घरातले मूल हे आज रात्री करू शकेल का? रीत पाहायची असेल तर वही. चूक लगेच कळायला हवी असेल तर फोन. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम घरी न देता शाळेतल्याच संगणकावर किंवा शिक्षकाच्या फोनवर, गट करून उरकावे. बेलपाड्यातल्या त्या दोन भावंडांना एवढ्यानेही पुरे गुण मिळू लागतील.