दोन इंच पावसाला भिणारा रस्ता

कॅलिफोर्नियाचा रस्त्यांचा नकाशा बारकाईने पाहिला, तर त्यात एक गंमत सापडते. राज्य महामार्ग १९० टिप्टनजवळच्या सपाट शेतीतून निघतो, पोर्टरव्हिल मागे टाकून सिएरा नेवाडाच्या जंगलात चढतो आणि क्वेकिंग ॲस्पेनपाशी चक्क संपतो. मग डोंगराच्या पलीकडे, ओलांचा नावाच्या लहानशा वस्तीत, तोच क्रमांक मिरवत पुन्हा सुरू होतो. मधला तुकडा कागदावरच राहिला. सिएरा नेवाडाच्या माथ्यावरून घाट काढायचं कुणाला जमलं नाही, आणि पुढे तिथली जंगलं कायद्याने राखीव झाली.

ज्या डोंगराने हा रस्ता अडवला, त्यानेच पाऊसही अडवला. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेवाडावर आपटतात, वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच सोडतात. उरलंसुरलं पुढच्या रांगा काढून घेतात. हाच रस्ता पुढे ज्या डेथ व्हॅलीतून जातो, तिच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम दोन इंच पाऊस येतो. घाटमाथ्यावर चिंब पाऊस आणि माणदेशात टँकर, हे ज्याने पाहिलंय त्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही.

ओलांचाहून पूर्वेकडचा सुमारे दोनशे किलोमीटरचा पट्टा हा या महामार्गाचा खरा वाळवंटी भाग. सुरुवातीलाच ओवेन्स तळ्याचा कोरडा तळ लागतो. हे तळं मात्र डोंगरांनी आटवलेलं नाही. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसने लांबलचक कालवा काढून ओवेन्स नदीचं पाणी नेलं आणि खाली उरली ती उडणारी खारट धूळ.

पुढे रस्ता चढतो, पॅनामिंट खोऱ्यात उतरतो, पुन्हा चढतो. इथे पृथ्वीचं कवच पूर्व-पश्चिम ताणलं जातंय. ताणाने त्याला भेगा पडतात, काही ठोकळे खचून दऱ्या होतात, काही कलून डोंगर होतात. या रांगा उत्तर-दक्षिण आणि रस्ता त्यांना आडवा, त्यामुळे चढ-उतारांपासून त्याची सुटका नाही. टाउन पास ही खिंड समुद्रसपाटीपासून १,५११ मीटर उंच आहे. तिथून पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत आपण स्टोव्हपाइप वेल्सला, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीला येतो, आणि फर्नेस क्रीकला तर तिच्याही ५८ मीटर खाली!

ही खिंड गाड्यांसाठी खुली करणारा माणूस सरकारी नव्हता. बॉब आइकबॉम हा मूळचा विजेचा इंजिनिअर. त्याला या ओसाडीत पर्यटक आणायचे होते. इन्यो काउंटीकडून परवाना मिळवून १९२६ मध्ये त्याने स्वतःच्या पैशाने टोलरस्ता पुरा केला. दर होता गाडीला दोन डॉलर, वर माणशी पन्नास सेंट. (डोकी मोजून टोल घ्यायची कल्पना आपल्याकडच्या ठेकेदारांच्या कानावर न गेलेलीच बरी.) हॉटेल बांधायचं ठरलं होतं थोडं पुढे, पण लाकूडसामानाचे ट्रक वाळूत रुतले. जिथे रुतले तिथेच सामान उतरवलं, तिथेच हॉटेल उभं राहिलं आणि १ नोव्हेंबर १९२६ रोजी सुरू झालं. ते आजही तिथेच आहे. १९३३ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारक झाली. त्याच दशकात राज्याने तो रस्ता विकत घेतला आणि टोल गेला.

आइकबॉमच्या आधी इथे राज्य होतं बोरॅक्सचं, म्हणजे टाकणखाराचं. फर्नेस क्रीकजवळ, आजच्या महामार्गालगत, हार्मनी कारखान्याचे अवशेष दिसतात. १८८३ ते १८८९ या काळात अठरा खेचरं आणि दोन घोडे जुंपलेले गाडे इथून २६५ किलोमीटरवरच्या मोहावे रेल्वे स्टेशनपर्यंत माल नेत. मागे पाण्याची टाकी जोडलेली असे, कारण वाटेतल्या झऱ्यांवर भरवसा नव्हता. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून टिंबिशा शोशोनी लोक इथे राहतात. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात खाली, असा त्यांचा शहाणा रिवाज. स्वतःच्याच भूमीतली काही जमीन कायद्याने परत मिळायला त्यांना २००० साल उजाडावं लागलं.

फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं; जगातला अधिकृत उच्चांक आजही तोच आहे. साहजिकच वाटतं, या रस्त्याचा वैरी ऊन असणार. पण त्याचा खरा वैरी पाणी आहे! डोंगर उघडेबोडके, माती जवळजवळ नाही, झाडोरा विरळ. पाऊस पडला की मुरायला जागाच नसते. घळींतून तो दगडगोटे घेऊन धावतो आणि तोंडाशी पंख्यासारखा पसरतो. असेच गाळाचे प्रचंड पंखे साठत जाऊन डोंगरांच्या पायथ्याशी टेकलेत, आणि महामार्गाला त्यांच्यावरूनच जावं लागतं. पूल तरी कुठे बांधणार? प्रवाह दर वेळी नवी वाट धरतो.

२० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या उरलेल्या ढगांनी फर्नेस क्रीकवर एका दिवसात २.२ इंच पाऊस ओतला. वर्षभराच्या सरासरीहून जास्त. आपल्याकडे मुंबईत एवढ्याने शाळेला सुट्टीही मिळत नाही. तिथे महामार्गाच्या कडा वाहून गेल्या, आणि आता राष्ट्रीय उद्यान असलेली डेथ व्हॅली १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. फर्नेस क्रीकच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवर असलेल्या बॅडवॉटरच्या मिठागरात मात्र तळं साचलं. हिमयुगात इथे लेक मॅनली नावाचं शेकडो फूट खोल सरोवर होतं. त्याच्या लाटांनी कोरलेल्या रेषा आजही टेकड्यांवर दिसतात. २०२४ च्या फेब्रुवारीत लोक या नव्या तळ्याच्या उथळ पाण्यात होड्या वल्हवत होते.

फर्नेस क्रीकहून झाब्रिस्की पॉइंटच्या पिवळ्या टेकड्यांवरून रस्ता चढतो आणि डेथ व्हॅली जंक्शनला संपतो. बोरॅक्स कंपनीने वसवलेलं आणि पुढे टाकून दिलेलं हे गाव. १९६७ मध्ये न्यूयॉर्कची नर्तिका मार्टा बेकेट टायर पंक्चर झालं म्हणून इथे थांबली. तिला एक पडका हॉल दिसला. तो तिने भाड्याने घेतला आणि त्यात नाचू लागली. प्रेक्षक कधी येत, कधी नाही. मग तिने भिंतींवर प्रेक्षकच रंगवले: राजा, राणी, जोगिणी, संन्यासी, सगळे आपापल्या जागी बसलेले. पुढची चाळीसहून अधिक वर्षं ती त्यांच्यासमोर कार्यक्रम करत राहिली.