पेढीसाठी एक, पोरांसाठी एक

आपल्या पेढ्या अन् कारखाने बहुधा एकट्या मालकाच्या डोक्यावर चालतात. खरेदी, उधारी, कारागिरांचा हिशेब, सारे त्यालाच ठाऊक. हेन्री मिंट्झबर्ग यांनी ‘स्ट्रक्चर इन फाइव्ह्ज’ (१९८३) या पुस्तकात याला ‘साधी रचना’ म्हटले आहे. निर्णय झटपट होतात. पण मालकाला हृदयविकाराचा झटका आला की सारे ठप्प! म्हणून उधारीची वही तरी दुसऱ्या जाणत्या हाती असावी.

कॉलेजच्या मुलांसाठी वॉल्टर पॉक यांचे ‘हाऊ टू स्टडी इन कॉलेज’ (पहिली आवृत्ती १९६२) घ्यावे. पानाच्या उजवीकडे टिपणे, डावीकडे प्रश्न, तळाशी सारांश. मग टिपणे झाकून तोंडी उत्तरे द्यायची.

दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. पहिले आम्ही मुलांकडून वाचून, समजून घ्यावे. धंदा त्यांच्या हाती देण्याची सुरुवात तिथूनच होईल, इन्शाअल्लाह.