गिधाडांवरील गंडांतर

मोराचा पिसारा पाहून मन हरखते, कोकिळेचा स्वर कानी पडताच पावले थबकतात. परंतु गिधाडाचे नाव निघाले की माणूस नाक मुरडतो. बोडके डोके, लांब उघडी मान, आकड्यासारखी वाकडी चोच आणि मढ्यावर तुटून पडण्याची सवय यांमुळे हा पक्षी अमंगळ मानला गेला. तथापि रामायणातील जटायू हा गिधाडच होता. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला वृद्ध जटायूने एकट्याने अडवले आणि त्या झुंजीत आपले प्राण वेचले. रामाने त्याचे अंत्यसंस्कार पुत्राच्या मायेने केले. ज्या पक्ष्याला पुराणकथेत एवढा मान मिळाला, त्याचे खरे मोल लोकांना कळले ते मात्र तो आकाशातून दिसेनासा झाल्यावर.

नागपूरच्या ईशान्येस रामटेकची टेकडी आहे आणि तिच्या उत्तरेस पेंचचे अरण्य पसरले आहे. एके काळी या मुलखात, किंबहुना साऱ्या देशात, गिधाडे हे नित्याचे दृश्य होते. गावातील एखादे जनावर मेले की ते गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकीत. थोड्याच वेळात उंच आकाशात काळे ठिपके घिरट्या घालू लागत. एक गिधाड खाली झेपावले की दूरवरचे दुसरे त्याला पाही, दुसऱ्याला तिसरे पाही आणि हां हां म्हणता माळावर पन्नास-पाऊणशे गिधाडांचा मेळा जमे. तास-दोन तासांत तेथे हाडांचा सांगाडा तेवढा उरे.

या कामासाठी निसर्गाने गिधाडाला उत्तम साधने दिली आहेत. त्याच्या डोक्यावर व मानेवर दाट पिसे नसल्यामुळे मढ्यात मान घातली तरी ती घाणीने माखत नाहीत. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू तेथेच नष्ट होतात. सुमारे दोन मीटर लांबीचे पसरलेले पंख न हलवता ते तासन्‌तास तरंगत राहू शकते. वेतन न घेता रोगराईला आळा घालणारा असा सेवक दुसरा नव्हता.

१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात लक्षावधींच्या संख्येने होती. मोठ्या शिकारी पक्ष्यांत जगात हीच जात सर्वांत विपुल असावी, असे जाणकार मानीत. पुढच्या दशकात मात्र चित्र पालटले. राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांचा अभ्यास करीत होते. जेथे पूर्वी त्यांनी शेकडो घरटी मोजली होती, तेथे दहा-बारा वर्षांत घरटी जवळजवळ रिकामी झाली. गिधाडे झाडांवर मान खाली टाकून निपचित बसत आणि काही दिवसांनी मरून पडत. देशभरातून अशाच वार्ता येऊ लागल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या इतकी घसरली, की पूर्वी जेथे एक हजार गिधाडे होती तेथे जेमतेम एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांतही दर शंभरांपैकी सुमारे सत्त्याण्णव नाहीशी झाली.

हे कशामुळे घडले? अन्नाचा तुटवडा नव्हता. माळावर ढोरे पडतच होती. कोणी त्यांची शिकारही करीत नव्हते. एखादी साथ आली असावी, असा तर्क प्रथम करण्यात आला. शेवटी पाकिस्तानातील पंजाबात मेलेल्या गिधाडांची कसून तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना धागा सापडला. मृत पक्ष्यांच्या हृदयावर व यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचला होता. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ द्रव्य युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी झाली की ते आम्ल रक्तात साठते आणि आतल्या अवयवांवर त्याची पुटे चढतात. मग मूत्रपिंडे निकामी कोणी केली? कीटकनाशके तपासली, जड धातू तपासले. दोष त्यांच्यात आढळला नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी पशुवैद्यांकडे व औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली, की गुरांना हल्ली कोणती औषधे देतात? त्या यादीत डायक्लोफेनॅक हे नाव होते. अशा थराने माखलेल्या प्रत्येक मृत गिधाडाच्या शरीरात त्या औषधाचा अंश सापडला आणि अन्य कारणांनी मेलेल्या गिधाडांत तो सापडला नाही. २००४ साली हा शोध जगापुढे आला.

डायक्लोफेनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध. माणसांना ते दीर्घकाळ दिले जात होते. १९९० नंतरच्या काळात ते स्वस्तात मिळू लागले आणि गुरांनाही देण्यात येऊ लागले. ज्या बैलाला शेतकरी पोळ्याच्या दिवशी सजवतो, पुरणपोळीचा घास भरवतो, तो बैल लंगडू लागला किंवा म्हशीची कास सुजली, की त्याचा जीव कळवळणारच. औषधाची एक सुई टोचली की जनावराला उतार पडे. जनावर बरे झाले तर काहीच बिघडत नसे, कारण थोड्या दिवसांत ते औषध त्याच्या शरीरातून निघून जाई. परंतु सुई टोचल्यानंतर लवकरच जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात राही. ते मांस पोटात गेलेले गिधाड दोन-तीन दिवसांत मरण पावे. एका मढ्यावर गिधाडांचा सारा मेळा जमत असल्यामुळे एकच ढोर अनेक गिधाडांच्या मृत्यूला पुरेसे ठरे. दर शंभर मृत ढोरांपैकी एकाहूनही कमी ढोरात हे विष असले, तरी गिधाडांचा संहार होण्यास तेवढे पुरे, असे गणिताने दिसून आले. शिवाय गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. मरण झपाट्याने येत होते आणि जन्म मात्र सावकाश होत होते.

गिधाडे गेली, पण ढोरे मरतच राहिली. माळावर मढी कुजू लागली. त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली आणि कुत्र्यांबरोबर पिसाळरोगाचे भय वाढले. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लक्ष अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

अशी घटना केवळ भारतातच घडली असे नाही. युरोपच्या उत्तरेस स्वीडन व फिनलंड यांच्यामध्ये बाल्टिक नावाचा समुद्र आहे. त्यात सील नावाचे सस्तन प्राणी राहतात. विजेच्या यंत्रांत वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायने आणि शेतात फवारलेले डीडीटी वाहत वाहत त्या समुद्रात गेले. लहान जीवांतून ते माशांत आणि माशांतून सीलच्या चरबीत साठत राहिले. परिणामी कित्येक माद्यांना पिले होईनाशी झाली व सीलची संख्या फार घटली. सीलच्या शरीरात विष वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने साचले, तर गिधाडाला एकच घास पुरला; परंतु दोघांच्याही बाबतीत विष आले ते अन्नावाटेच. १९७० च्या दशकात त्या देशांनी या रसायनांवर निर्बंध घातले आणि कालांतराने सील पुन्हा वाढू लागले. चूक वेळीच ओळखली तर ती दुरुस्त करता येते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

भारतानेही ती दुरुस्ती आरंभली आहे. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यास सरकारने बंदी केली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गुरांच्या उपयोगी पडते आणि गिधाडांना अपाय करीत नाही, असे प्रयोगांनी त्याच वर्षी सिद्ध झाले होते. माणसांसाठी असलेल्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ साली त्यांवरही निर्बंध आला. गिधाडांना घातक ठरलेल्या आणखी दोन औषधांचा गुरांसाठी वापर २०२३ साली थांबवण्यात आला. गडचिरोली जिल्ह्यात वनविभागाने औषधाचा अंश नसलेली मृत जनावरे गिधाडांसाठी ठरावीक जागी ठेवण्याची व्यवस्था केली. हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ साली पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर ठावठिकाणा कळवणारे लहानसे यंत्र बसवून त्यांना मोकळे सोडण्यात आले. त्यांतील एक गिधाड ताडोबाहून निघून थेट तामिळनाडूपर्यंत उडत गेले. परंतु तेथे विजेचा धक्का लागून त्याचा अंत झाला. गेलेले परत आणणे किती कष्टाचे असते, याची यावरून कल्पना येते.

आजारी बैलाला औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात गिधाडाविषयी तिळमात्र वैर नव्हते. त्याच्या हातून घडले ते दयेपोटीच. परंतु गोठ्यात दिलेल्या औषधाची वाट गोठ्यातच संपत नाही. माळावरून ती आकाशापर्यंत जाते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. आता ते ठाऊक झाले आहे. जनावराला औषध देण्यापूर्वी ते गिधाडांना निर्धोक आहे ना, एवढे पशुवैद्याला विचारण्यास पैसा लागत नाही. हा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला, तर रामटेकच्या टेकडीवर उभे राहून वर पाहणाऱ्या मुलांना उंच आकाशात तरंगणारे जटायूचे वंशज पुन्हा दिसू लागतील.