लहान कॅबिनेटमधील उष्णता आणि आवाज

पूर्वी संगणकाचे कॅबिनेट म्हणजे टेबलाखाली ठेवलेले एक लहानसे कपाटच असे. आज १७ सेंटिमीटर लांबीरुंदीचा मदरबोर्ड मिळतो आणि १०-१२ लिटर आकारमानाच्या, म्हणजे एखाद्या लहान बादलीएवढ्या, कॅबिनेटात ग्राफिक्स कार्डासह सगळा संसार मावतो. जागेची टंचाई असलेल्या आपल्या शहरी घरांत ही मोठीच सोय होय. परंतु ज्या खोलीत नात रात्री अ‍ॅनिमेशनचे काम करीत बसते, त्याच खोलीत आजोबांची खाट असते. काम भरात आले की कॅबिनेटातून जी घरघर सुरू होते, तिने त्यांची झोप मोडते. मग कार्डच बिघडलेले आहे असे ठरवून नवे आणण्याच्या गोष्टी निघतात. आम्हांस असे सांगावयाचे आहे की, अशा वेळी कार्ड बहुधा निर्दोष असते.

ग्राफिक्स कार्ड जितकी वीज घेते तितकी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने परत करते. पडद्यावर चित्रे उमटतात खरी, पण विजेचा हिशेब उष्णतेतच चुकता होतो. २०२३ साली बाजारात आलेले एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०७० हे कार्ड घ्या. त्याची मर्यादा २०० वॅटची. प्रोसेसर आणि इतर भागांचे १०० वॅट त्यात मिळविले की ३०० वॅट झाले. म्हणजे जुन्या पद्धतीचे ६० वॅटचे पाच दिवे बादलीत कोंडून लावल्यासारखे झाले. ही उष्णता नाहीशी करता येत नाही, तिला हवेबरोबर बाहेर घालविणे एवढेच आपल्या हाती असते. आता त्या हवेचे मोजमाप करू. आत आलेली हवा बाहेर जाईपर्यंत १० अंशांनी तापावी असे धरले, तर ३०० वॅट वाहून नेण्यास दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा लागते. कॅबिनेट १२ लिटरचे. तेव्हा त्यातील सगळी हवा सेकंदाला दोनदा बदलावयास हवी! एवढी घाई करावी लागते म्हणूनच पंखे ओरडतात.

पंख्याचा स्वभावही मोठा विचित्र आहे. त्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्याला फिरविण्यास आठपट शक्ती लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट भासते, हे लक्षात घेतले म्हणजे हा सौदा किती महागात पडतो ते कळेल. लहान पंखा जोरात पळविण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश चालविणे हिताचे, ते यासाठी. २००३ साली एनव्हिडियाच्याच एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा इतका गाजला की पुढे कंपनीच्याच लोकांनी त्या आवाजाची थट्टा करणारी एक चित्रफीत काढली.

आमची स्वतःची फजिती येथे सांगितली पाहिजे. आवाज फार होतो म्हणून आम्ही कॅबिनेटला आणखी दोन पंखे बसविले. आवाज वाढला, उष्णता मात्र होती तेथेच राहिली. शेवटी आम्ही एक उदबत्ती पेटविली आणि ती कॅबिनेटच्या जाळीभोवती हळूहळू फिरविली. धूर ज्या फटीतून बाहेर यावयाचा, तेथून तो बाजूने वळून पुन्हा कार्डाच्या पंख्यातच शिरत होता! कार्ड आपलीच तापलेली हवा पुनःपुन्हा पीत होते. तिथे पंखे दोन असोत की चार, उपयोग काय? आजची बहुतेक कार्डे आपली गरम हवा पातळ पत्र्यांच्या कडांतून चहूबाजूंस सोडून देतात. मोठ्या कॅबिनेटात ती पांगून जाते, लहानात ती कोंडते. दारे-खिडक्यांच्या फटींना लावतात तशी स्पंजाची पट्टी आम्ही कार्डाचे पंखे आणि बाजूची जाळी यांमधल्या मोकळ्या जागेभोवती चिकटविली. मग ताजी हवा तेवढी आत जाऊ लागली, गरम हवा वरून बाहेर पडू लागली. वाढविलेले दोन पंखे आम्ही काढून टाकले. येथे एक सावधगिरी हवी. पंखा जाळीला अगदी टेकला तर हवा गुदमरते व शिट्टीसारखा आवाज येतो. एक-दोन सेंटिमीटरचे अंतर मोजूनच कार्ड घ्यावे.

तथापि खरा इलाज मुळाशी आहे, आणि तो फुकट आहे. चिपमध्ये खर्च होणाऱ्या विजेचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरविले तर तो खर्च एकोणीस टक्क्यांनी घटतो. कारखान्यातून येणारे कार्ड वेगाच्या शेवटच्या थोड्याशा अंशासाठी भरमसाट वीज जाळत असते, कारण जाहिरातीत तो अंशच मिरवावयाचा असतो. आफ्टरबर्नरसारखा विनामूल्य प्रोग्राम घेऊन शक्तीची मर्यादा १०० वरून ७५ टक्क्यांवर आणावी. २०० वॅटचे १५० वॅट होतात, आणि काम मंदावते ते सहसा दहा टक्क्यांच्या आतच. व्होल्टेज स्वतः उतरविणारे याहूनही अधिक मिळवितात, पण ते फार खाली गेले तर संगणक मध्येच बंद पडतो. तेव्हा थोडे थोडे उतरवीत, प्रत्येक पायरीस काही तास काम करून पाहावे. नवख्याने शक्तीची मर्यादा कमी करून थांबावे, हे बरे.

कधी पंखे सावकाश फिरत असूनही बारीक किरकिर ऐकू येते. तो आवाज कार्डावरील तारेच्या वेटोळ्यांच्या कंपनाचा असतो. खेळातील चित्रे सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा बदलत असली की तो चढतो. पडदा जितक्या वेळा चित्र बदलू शकतो तेवढ्यावरच ती संख्या बांधून घातली म्हणजे बहुधा उतरतो, आणि विजेची बचत होते ती वेगळीच.

पंख्याचा वेग सतत वरखाली होणे हे एकसुरी आवाजापेक्षा अधिक त्रासदायक, असा आमचा अनुभव आहे. म्हणून कार्ड थंड असता पंखे पूर्ण थांबविण्याची जी सोय असते, ती लहान कॅबिनेटात आम्ही बंद ठेवतो व पंखे अखंड मंद गतीने फिरू देतो.

राहता राहिला आपला उन्हाळा. खोली जितके अंश तापते, चिपही साधारण तितकेच अंश वर चढते. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर समाधानाने बसलेले कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ८३ च्या घरात जाते, आणि तेथपासून पुढे अनेक कार्डे स्वतःच आपला वेग आवरू लागतात. या व्याख्यानमालेच्या दिवसांत, दुपारी पंख्याखाली बसून घाम पुसताना, आम्ही ती मर्यादा ७५ वरून ६५ टक्क्यांवर आणतो आणि जाळीवरची धूळ मऊ ब्रशाने झाडतो. पाऊस पडून हवा निवली की ती पुन्हा ७५ वर जाते.