ऐकणाऱ्याचं क्रियापद

मराठी क्रियापद कर्त्याची बरीच माहिती पुरवतं. 'आली' म्हटलं की येणारी स्त्री ठरते, 'आलात' म्हटलं की समोरच्या माणसाचा मान कळतो. कोरियन क्रियापद येणारा कोण हे सांगत नाही. 'वायो' या एका रूपात मी येतो, ती येते, ते येतात, पाऊस येतो हे सगळं मावतं. लिंग, वचन आणि पुरुष यांच्यासाठी रूप बदलत नाही. शिवाय वाक्याची रचना आपल्यासारखीच असते. आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद. त्यामुळे कोरियन शिकणाऱ्या मराठी माणसाचे सुरुवातीचे दिवस सुखात जातात. खरी कसोटी लागते ती क्रियापदाच्या शेवटच्या एकदोन अक्षरांपाशी. ही अक्षरं ऐकणाऱ्यासाठी असतात.

पावसाचंच उदाहरण घेऊ. (उच्चार देवनागरीत जवळपासचेच उतरतात, ते कानाने पक्के करावे लागतात.) शब्दकोशात 'येणे' हे क्रियापद 'ओदा' असं सापडतं. त्यातला 'दा' काढला की 'ओ' हा धातू उरतो. पाऊस म्हणजे 'पी', आणि 'गा' हा कर्त्याचा प्रत्यय. मित्राला सांगायचं तर 'पिगा वा'. दुकानदाराला किंवा शेजाऱ्याला 'पिगा वायो'. बातम्या देणारा निवेदक किंवा कंपनीच्या बैठकीत बोलणारा कर्मचारी म्हणेल 'पिगा ओम्निदा'. तिन्ही वाक्यांतला पाऊस तोच आहे, फक्त ऐकणारा बदलला आहे.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. खिडकी उघडली आणि पाऊस आत्ताच लक्षात आला, तर 'पिगा ओनेयो'. तुम्हालाही तो दिसतोय आणि मला दुजोरा हवाय, तर 'पिगा ओज्यो'. तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही विसरल्यासारखं वागताय, तर 'पिगा ओजानायो'. हे रूप जपून वापरावं, वडीलधाऱ्यांना ते टोचतं. मी स्वतः पाहून आलोय आणि आता तुम्हाला सांगतोय, तर 'पिगा ओदॉरागोयो'. कुणाकडून ऐकलं असेल, तर 'पिगा ओन्देयो'. हे शेवटचं रूप मराठी माणसाला परकं वाटू नये. 'पाऊस येतोय म्हणे' यातला 'म्हणे' नेमकं तेच काम करतो. आपल्याकडचे 'ना', 'की', 'बरं का', 'म्हणे' हे सुटे शब्द वाक्याच्या शेवटी उभे राहतात. कोरियन भाषेने असा सगळा ऐवज क्रियापदातच ओवून घेतला आहे. माझ्या मते मराठी भाषकाचं खरं भांडवल इथे आहे. पाठ्यपुस्तकं बहुधा इंग्रजीतून समजावतात आणि या रूपांपाशी त्यांना लांबलचक स्पष्टीकरणं द्यावी लागतात. आपल्या कानाला ती छटा आधीच माहीत असते.

आदराचे दोन धागे मात्र वेगळे ओळखावे लागतात. धातूला लागणारा 'शि' हा ज्याच्याविषयी बोलतोय त्याचा मान राखतो, तर शेवटचा प्रत्यय ज्याच्याशी बोलतोय त्याचा. घरात मित्राला 'आजी झोपल्यात रे' असं हळू आवाजात सांगायचं असेल तर 'हाल्मॉनी चुमुश्यॉ'. आजीसाठी झोपण्याचं क्रियापदच वेगळं, आदराचं, आणि मित्रासाठी शेवट मोकळा. मराठीतही 'झोपल्यात' आजीसाठी आणि 'रे' मित्रासाठी आहेच. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं असेल तर कोरियन माणसं ते अनेकदा उघडपणे विचारून ठरवतात. मालिकांमध्ये दोन पात्रांचं नातं ज्या क्षणी बदलतं तो क्षण बऱ्याचदा एका 'यो'च्या जाण्याने कळतो. उपशीर्षकांत तो हरवतो, म्हणून मालिका पाहताना कान वाक्याच्या टोकाशी ठेवावेत.

रूपं बनवण्याचे नियम रेखीव आहेत. धातूचा शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर 'आयो' लागतं, एरवी 'ऑयो'. 'ओ'ला 'आयो' जोडून 'वायो' होतं, 'माशि' म्हणजे 'पिणे' याला 'ऑयो' जोडून 'माश्यॉयो'. काही क्रियापदं हट्टी असतात. 'तात्ता' म्हणजे बंद करणे, त्याचं सरळ 'तादायो' होतं. 'तुत्ता' म्हणजे ऐकणे, त्याचं मात्र 'तुरॉयो'. अशी जोडपी यादी करून पाठ करण्यापेक्षा वाक्यात भेटतील तशी टिपून ठेवावीत.

धातू कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो हे कागदावर स्पष्ट दिसतं, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. राजा सेजोंग यांनी 1446मध्ये जाहीर केलेली हंगुल लिपी सुरुवातीला ऐकू येईल तशी लिहिली जाई. 'मॉक्' म्हणजे खाणे. त्याचं 'मॉगॉ' हे रूप 'मॉ-गॉ' असं तोडून लिहीत. चू शीग्यॉङ (1876–1914) या व्याकरणकाराने धातू सर्वत्र एकसारखा दिसावा असा आग्रह धरला. त्यांच्या वारसदारांनी, कोरियन भाषा मंडळाने, जपानी राजवटीतच 1933मध्ये एकसंध लेखननियम जाहीर केले. तेव्हापासून 'मॉक्' आणि 'ऑ' वेगवेगळ्या चौकटीत लिहिले जातात. 1942मध्ये मंडळाच्या विद्वानांची धरपकड झाली. त्यांतले दोघे तुरुंगातच वारले. जप्त झालेली शब्दकोशाची हस्तलिखितं स्वातंत्र्यानंतर, सप्टेंबर 1945मध्ये सोल स्थानकाच्या गोदामात सापडली आणि 1947 ते 1957 या काळात तो शब्दकोश सहा खंडांत छापला गेला. 1954मध्ये राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या सरकारने ऐकू येईल तसं लिहिण्याची पद्धत परत आणायचं जाहीर केलं. विद्वान आणि वृत्तपत्रं इतकी खवळली की पुढच्याच वर्षी बेत मागे घ्यावा लागला. आज शिकणाऱ्याला प्रत्यय लगेच वेगळा ओळखता येतो, तो या लोकांमुळे.

रांजणगावची एलजी आणि तळेगावची ह्युंदाई यांच्यामुळे आपल्या मुलांना ही भाषा उपयोगाची झाली आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020मध्येही परकीय भाषांत कोरियनचं नाव आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्याने 'यो' आणि 'म्निदा' ही रूपं आधी पक्की करावीत यात वाद नाही. जुन्या दरबारी थाटाची 'शिओ'सारखी रूपं नुसती ओळखता आली तरी पुरे. ऐतिहासिक मालिकांत ती ऐकू येतात आणि दुकानांच्या दारांवर 'मिशिओ', 'तांगिशिओ', म्हणजे 'ढकला', 'ओढा', अशा पाट्यांत अजून दिसतात.

पण एका रूपाला पाठ्यपुस्तकं फार उशिरा हात घालतात याची मला खंत वाटते. ते म्हणजे 'पिगा ओन्दा'. वर्तमानपत्रं, कथा, रोजनिशी यांत हेच रूप असतं, कारण तिथे समोर विशिष्ट श्रोता नसतो. 'येप्पदा' म्हणजे 'सुंदर असणे' यासारख्या गुणवाचक क्रियापदांना हा 'न' लागत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवला की बातमीचं शीर्षक वाचता येऊ लागतं. शिवाय 'ओन्देयो' हे ऐकीव बातमीचं रूप याच 'ओन्दा'वर उभं आहे. 'ओन्दा' आधी शिकवलं तर ते वेगळं घोकावं लागत नाही.