पोटातली वस्ती (भाग 7) : शिळी भाकर आणि फॅटी लिव्हर

धामणगाव रेल्वेत काय किंवा अकोल्यात काय, सोनोग्राफी बहुधा दुसऱ्याच कारणासाठी होते. पोट दुखतं म्हणून, मुतखड्याचा संशय आहे म्हणून. खडा सापडत नाही, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येते : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’. डॉक्टर सांगतात, तेल-तूप कमी करा, वजन उतरवा. घरी भाजीवरची तर्री बाजूला काढली जाते, गिला वडा आणि आलूबोंडा महिनाभर बंद होतात. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. ताट आणि यकृत यांच्या मधे आणखी कोणीतरी बसलेलं आहे. आतड्यातले जिवाणू.

मागच्या भागात त्यांची शिरगणती झाली : एका माणसाच्या अंगात सुमारे 38 लाख कोटी, जवळपास सगळे मोठ्या आतड्यात. आता त्यांचा शेजार.

यकृताला मिळणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते आधी आतडी आणि प्लीहा फिरून, पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून यकृतात उतरतं. जिनिंगमध्ये कापसाची गाडी रिकामी होते तेव्हा कापसासोबत पत्ती, कवडी, माती, ओल असं सगळंच येतं. यकृताचंही तसंच. अन्नातल्या साखरेसोबत जिवाणूंनी तयार केलेली रसायनं आणि मेलेल्या जिवाणूंचे तुकडेही सर्वांत आधी त्याच्याच दारात येतात. ते टिपायला यकृतात खास पेशी बसलेल्या असतात. माल बरा असेल तोवर काम निभतं.

जंतूंचा चरबीशी संबंध असू शकतो, हा विचार एका मराठी डॉक्टरला फार लवकर सुचला होता. 1980 च्या दशकात मुंबईत कोंबड्यांमध्ये साथ आली. पशुवैद्यक डॉ. एस. एम. अजिंक्य मेलेल्या कोंबड्या तपासत होते. त्यांच्याशी बोलताना लठ्ठपणावर उपचार करणारे तरुण डॉक्टर निखिल धुरंधर एका तपशिलापाशी थांबले : या कोंबड्यांचं यकृत मोठं आणि फिकट होतं, पोटात चरबी साठली होती. आजारी पक्षी खरं तर वाळायला हवा. धुरंधरांनी त्या विषाणूवर काम केलं आणि नंतर मुंबईतल्या 52 लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं. 10 जणांच्या रक्तात त्या विषाणूच्या प्रतिपिंडांच्या खुणा मिळाल्या. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथे एका मानवी विषाणूवर त्यांचं संशोधन चाललं. विषाणू आणि जिवाणू वेगळे, आणि माणसातला लठ्ठपणा विषाणूमुळे येतो हे सिद्ध झालेलं नाही. तरी लठ्ठपणा म्हणजे फक्त खादाडपणा, या समजुतीला मुंबईतून धक्का बसला होता, याची नोंद मराठी वाचकानं ठेवायला हवी.

जिवाणूंचा पुरावा आला 2004 मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातून. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत आतड्यात एकही जंतू नसलेले उंदीर वाढवले होते. त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले, आणि दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली. त्यांचं खाणं मात्र कमी झालं होतं!

फॅटी लिव्हरच्या दृष्टीनं खरा बोलका प्रयोग फ्रान्समधला, 2013 चा. दोन उंदरांना सारखंच तुपकट खाणं दिलं. दोघेही जाडे झाले, पण एकाच्याच यकृतात चरबी भरली आणि साखर वाढली. दोघांचे जिवाणू वेगवेगळ्या जंतुमुक्त उंदरांमध्ये सोडले, त्यांनाही तेच खाणं दिलं. ज्यांना पहिल्याचे जिवाणू मिळाले, त्यांचं यकृत बिघडलं. ज्यांना दुसऱ्याचे मिळाले, त्यांचं बरंच सावरलेलं राहिलं. ताट एकच, यकृतं दोन तऱ्हेची.

हे घडतं कसं? एक वाट गळतीची. आतड्याच्या आतून चिकट थराचं लिंपण असतं. अन्नातले न पचणारे तंतू मिळाले नाहीत की काही जिवाणू हे लिंपणच खायला लागतात. भिंत सैल पडते, जिवाणूंचे विषारी तुकडे रक्तातून यकृतात पोचतात आणि तिथे सूज धरते. दुसरी वाट दारूची, तीही न पिता. बीजिंगमध्ये एका रुग्णाला दारू न घेता नशा चढत असे आणि त्याचं यकृत फार खराब झालेलं होतं. त्याच्या आतड्यात क्लेब्सिएला जातीचे जिवाणू साखरेपासून भरपूर अल्कोहोल बनवत होते. 2019 मध्ये जिंग युआन यांच्या गटानं दाखवलं, की त्यांनी तपासलेल्या फॅटी लिव्हरच्या सुमारे 60 टक्के चिनी रुग्णांमध्ये असे अल्कोहोल बनवणारे जिवाणू होते. आयुष्यात थेंब न घेतलेल्या बाईच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ पाहून घरचे चकित होतात, तेव्हा हे ध्यानात असावं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय 22.3, दोघेही सडसडीत. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. काटा ‘ठीक’ सांगतो आणि पोटात चरबी साठत राहते. म्हणून हातपाय बारीक आणि पोट तेवढं सुटलेलं, अशा माणसानं स्वतःला लठ्ठ नाही असं समजणं धोक्याचं आहे.

मग खायचं काय? जिवाणूंना मिळतं ते आपल्याला न पचलेलं, म्हणजे तंतू आणि हट्टी पिष्ट. शंभर ग्रॅम जवारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात 3 ग्रॅमसुद्धा नाहीत. जवारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी : वऱ्हाडाचं जुनं ताट माणसासोबत या वस्तीलाही जेवू घालत होतं. भाकर थंड झाली की तिच्यातलं काही पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि पचायला हट्टी होतं. सकाळी शिळी भाकर ताकात कुस्करून शेतात जाणाऱ्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, फायदा मात्र मिळत होता. 2023 मध्ये शांघायमध्ये फॅटी लिव्हरच्या 200 रुग्णांवर प्रयोग झाला. एका गटाला चार महिने रोज 40 ग्रॅम हट्टी पिष्ट, मक्यापासून काढलेली पूड, दिलं. त्यांच्या यकृतातली चरबी ठळकपणे उतरली, आणि हा फरक केवळ वजन घटल्यामुळे नव्हता. एका भाकरीत 40 ग्रॅम येत नाहीत, हे खरं. दिशा मात्र तीच.

मेडिकलमधल्या ‘चांगल्या जिवाणूं’च्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी थांबावं. फॅटी लिव्हर त्यांनी बरं होतं, असा भक्कम पुरावा अजून नाही. वजनाचा पुरावा भक्कम आहे : 7 ते 10 टक्के वजन उतरलं की चरबीसोबत सूजही घटते.

‘ग्रेड 1’ वाचून निर्धास्त होऊ नये, घाबरूही नये. साध्या रक्ततपासणीतल्या एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या नोंदींवरून एक आकडा काढता येतो, फिब-4. वयाला एसजीओटीनं गुणायचं. मग प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमूळानं गुणून त्या उत्तरानं भागायचं. वय 45, एसजीओटी 40, एसजीपीटी 64, प्लेटलेट अडीच लाख, तर उत्तर 0.9. पासष्टीच्या आतल्या प्रौढात 1.3 च्या खाली असेल तर यकृत कडक होत असण्याची शक्यता कमी. वर असेल तर पुढची तपासणी हवी. भारत सरकारनं 2021 मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे, तेव्हा डॉक्टरांना हा आकडा विचारायला संकोच नको.

सोयाबीन आलं तशी वऱ्हाडातली जवारी हटली. पाखरं आणि रानडुकरं यांच्यापायी उरलेली पेरायलाही धीर होत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. तरीही ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी येत्या हंगामात घरच्या खाण्यापुरती तरी जवारी पेरावी, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी ती विकत घेऊन रोजच्या ताटात आणावी.